पापलेट : ओळख, जाती आणि जतन

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जी मासळी उतरते तीत पापलेटाचा मान मोठा आहे. मांस पांढरे व मऊ, चव सौम्य, काटे थोडे आणि तेही मधल्या कण्याला धरून असलेले. त्यामुळे मासे खाण्याची फारशी सवय नसलेला मनुष्यही हा मासा आवडीने खातो. पालघर जिल्ह्यातील सातपाटीपासून सिंधुदुर्गातील वेंगुर्ल्यापर्यंत ज्या बंदरात पापलेटाची आवक चांगली होते, त्या बंदरातील कोळीवाड्याचे वर्ष चांगले जाते, असे म्हणण्यास हरकत नाही. शेकरू हा राज्य प्राणी, हरियाल हा राज्य पक्षी आणि आंबा हा राज्य वृक्ष, त्याचप्रमाणे सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने पापलेटास ‘राज्य मासा’ म्हणून घोषित केले.

परंतु मान दिल्याने माशांची संख्या वाढत नाही. पूर्वीइतके व पूर्वीएवढ्या आकाराचे पापलेट आता जाळ्यात येत नाही, ही तक्रार किनाऱ्यावरील जुने तांडेल अनेक वर्षे करीत आहेत व शास्त्रज्ञांच्या पाहणीतही आवक घटत असल्याचेच दिसून आले आहे. या घटीची कारणे एकाहून अधिक आहेत. नौकांची संख्या व शक्ती वाढली, जाळी लांब व बारीक झाली, खाड्यांचे पाणी दूषित झाले. तथापि या सर्वांत एक कारण असे आहे की जे दूर करणे आपल्या हाती आहे. ते म्हणजे पूर्ण वाढ होण्यापूर्वीच पापलेटाची पिल्ले पकडणे व विकणे. हा मासा कोणता, त्याच्या जाती किती, तो कसा वाढतो आणि त्याची पिल्ले वाचविण्यासाठी काय करता येईल, याची माहिती किनाऱ्यावरील तसेच आतील भागातील कार्यकर्त्यांस व शेतकऱ्यांस असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

पापलेट कोणास म्हणावे

शास्त्रज्ञ ज्या वंशास ‘पँपस’ म्हणतात त्या वंशातील मासे हेच खरे पापलेट होत. हे वंशनाम बोनापार्त या प्राणिशास्त्रज्ञाने १८३४ साली दिले. पोर्तुगीज भाषेतील ‘पांपो’ हा शब्द इंग्रजी ‘पाँफ्रेट’च्या मुळाशी असल्याचे मानतात, आपला ‘पापलेट’ हा शब्दही त्याच कुळातला दिसतो. मोठ्या पापलेटास काही बंदरांत ‘सरंगा’ म्हणतात. नावे बंदरागणिक बदलतात, म्हणून केवळ नावावर न जाता लक्षणांवरून मासा ओळखण्यास शिकावे, हे उत्तम.

पापलेटाचे शरीर उंच व दोन्ही बाजूंनी चपटे असते. बाजूने पाहिले तर ते जवळजवळ पतंगाच्या आकाराचे दिसते. तोंड लहान व मुस्कट बोथट असते. खवले फार बारीक असून हात लावताच निघून येतात. पाठीवरचा व पोटामागचा असे दोन लांब पर असतात व त्यांचा पुढचा भाग उंच होऊन मागे वळलेला असतो. शेपटी दुभागलेली असते. सर्वांत महत्त्वाची खूण अशी की, बहुतेक माशांना पोटाखाली जे जोडपर असतात ते पापलेटास मुळीच नसतात. बांगडा, सुरमई किंवा रावस हातात घेऊन पोटाखाली पाहिल्यास दोन लहान पर दिसतील. पापलेटाचे पोट मात्र सपाट व मोकळे असेल. कल्ल्यांचे तोंडही इतर माशांप्रमाणे गळ्याखालपर्यंत उघडत नाही. ते बाजूला एका लहान फटीसारखे असते.

पूर्वी या माशाचे नाते निश्चित ठरविणे कठीण होते. अलीकडे आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेवरून असे दिसून आले आहे की, पापलेट हे कुपा, बांगडा व सुरमई यांच्या दूरच्या भाऊबंदांपैकी आहे. सुरमईचे शरीर लांबट, निमुळते व वेगाने धावण्यास योग्य. पापलेटाचे शरीर उंच, पसरट व संथ पोहणारे. एकाच मूळ घराण्यातून दोन भिन्न रूपे निर्माण झाली, ही निसर्गातील नवलाची गोष्ट होय.

वंशातील निरनिराळ्या जाती

पँपस वंशाचे मासे इराणच्या आखातापासून भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरून, बंगालच्या उपसागरातून, मलाया व इंडोनेशियाकडून चीन, कोरिया व जपानपर्यंतच्या समुद्रांत आढळतात. उथळ व गाळमातीचा तळ असलेले किनाऱ्याजवळचे पाणी त्यांना मानवते. म्हणूनच मोठमोठ्या नद्या व खाड्या ज्या समुद्रास मिळतात त्या भागात ते विशेष मिळतात. गुजरात व उत्तर महाराष्ट्र यांच्यासमोरील समुद्र असाच आहे.

आपल्या बाजारात या वंशाचे दोन प्रकार प्रामुख्याने येतात. पहिला रुपेरी पापलेट. हाच आपला राज्य मासा. याचा रंग चांदीसारखा असून पाठीकडे करडी छटा असते. पाठीवरच्या व पोटामागच्या परांची पुढची टोके कोयत्याप्रमाणे वळलेली असतात. शेपटी खोलवर दुभागलेली असून तिचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब असतो. पाठीवरच्या पराच्या पुढे बोटाने चाचपल्यास लहान, चपट्या, पात्यासारख्या काट्यांची रांग लागते. बाजारात येणारा चांगला मासा साधारणतः २० ते ३० सेंटीमीटर लांब असतो.

दुसरा प्रकार चिनी पापलेट. नाव चिनी असले तरी हा आपल्याही समुद्रात मिळतो. याचे शरीर अधिक उंच व जाड, रंग अधिक करडा असतो. परांची टोके कोयत्यासारखी लांब नसून रुंद त्रिकोणासारखी असतात. शेपटी कमी दुभागलेली व तिचे दोन्ही भाग जवळजवळ सारखे असतात. पाठीवर पात्यासारखे काटे दिसत नाहीत. हा रुपेरी पापलेटापेक्षा आकाराने मोठा होऊ शकतो.

पूर्वेकडील समुद्रांत याशिवाय आणखी काही जाती आहेत. चीन, कोरिया व जपान यांच्या किनाऱ्यांवर दिसावयास सारख्या परंतु परांच्या काड्यांची संख्या, कण्यातील मणके व मस्तकावरील रेषा यांत भेद असलेल्या जाती शास्त्रज्ञांनी वेगळ्या केल्या आहेत. त्यांतील एक इतकी लहान आहे की तिला लहानपणावरूनच नाव मिळाले. या जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की पुष्कळ वर्षे ग्रंथांतूनही त्यांची सरमिसळ होत आली.

ही सरमिसळ आपल्या माशाच्या बाबतीतही झाली होती. स्वीडनमधील ऑयफ्रासेन याने १७८८ साली रुपेरी पापलेटाचे वर्णन करून त्यास ‘अर्जेंटियस’, म्हणजे चांदीचा, असे नाव दिले. तो मासा चीनच्या समुद्रातील होता. पुढे भारतातील रुपेरी पापलेटासही तेच नाव चालू राहिले. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शरीररचना व आनुवंशिक द्रव्य या दोहोंच्या आधारे असे दाखविण्यात आले की, उत्तर हिंदी महासागरातील रुपेरी पापलेट ही चीनकडील माशाहून वेगळी जात आहे. तिला एकोणिसाव्या शतकात क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलेले ‘कँडिडस’, म्हणजे शुभ्र, हे नाव लावावे, असे मत मांडण्यात आले. सरकारी कागदपत्रांत व व्यापारात जुने नाव रूढ असल्याने दोन्ही नावे वाचनात येतील.

हा केवळ पंडितांचा वाद आहे असे समजू नये. जात वेगळी असेल तर तिची विणीची वेळ, वाढीचा वेग व प्रौढ होण्याची लांबीही वेगळी असू शकते. एका गावच्या जमिनीत आलेले ज्वारीचे वाण दुसऱ्या गावी तसेच येईल असे शेतकरी धरून चालत नाही. त्याचप्रमाणे चीन किंवा जपानकडील आकडे आपल्या पापलेटास सरसकट लावता येत नाहीत. आपल्या माशाची मोजमापे आपल्याच बंदरात घेतली पाहिजेत. या कामी बंदरावरील कार्यकर्ते व मच्छीमार यांचे साहाय्य फार मोलाचे आहे.

नावाने पापलेट, परंतु जातीने नव्हे

बाजारात तीन मासे पापलेटाशी संबंध नसताना त्याच्या नावावर विकले जातात किंवा त्याच्याशी जोडले जातात. त्यांची ओळख विशेषतः मत्स्यशेती करणाऱ्यांनी करून घ्यावी.

पहिला हलवा. यास ‘काळे पापलेट’ म्हणतात. मासा उत्तम आहे, परंतु तो पँपस वंशातील नसून वेगळ्याच कुळातील आहे. त्याचा रंग काळपट तपकिरी असतो आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस टणक खवल्यांची धारदार कड हाताला लागते. पापलेटास ही कड नसते. मोठ्या हलव्यासही पोटाखालचे जोडपर नसतात, म्हणून केवळ त्या एका खुणेवर विसंबू नये.

दुसरा रूपचंद. हा गोड्या पाण्यातील मासा दक्षिण अमेरिकेतील असून आपल्या देशात तळ्यांतून वाढविला जातो. विक्रेते यास ‘गोड्या पाण्यातील पापलेट’ म्हणतात. याच्या पाठीवरच्या परामागे, शेपटीजवळ, एक लहानसा मांसल पर असतो. पोटाखाली जोडपर असतात. आणि तोंड उघडून पाहिल्यास कठीण फळे फोडण्याजोगे बळकट दात दिसतात. या तीनही गोष्टी पापलेटास नाहीत. रूपचंदाचे संवर्धन करणे ही वेगळी बाब आहे. परंतु तो पापलेट म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक होय. शिवाय हा परदेशी मासा तळ्याबाहेर नदीनाल्यांत जाऊ न देण्याची काळजी घेतली पाहिजे. पुराच्या पाण्याने बांध फुटून तो नदीत शिरल्यास स्थानिक माशांचे अन्न व जागा तो बळकावू शकतो.

तिसरा रुपेरी पाँपानो. हा समुद्रातील मासा असून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०११ साली तामिळनाडूतील मंडपम येथे त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर तो निमखाऱ्या तलावांत व समुद्रातील पिंजऱ्यांत वाढविला जाऊ लागला. नाव व रूप यांत साम्य असले तरी तो हलव्याच्या कुळातील आहे. किनाऱ्यालगत खाजण जमीन असलेल्या शेतकऱ्यांस हा मासा उपयोगी पडू शकेल, परंतु तो पापलेट नव्हे.

खरे पापलेट शेततळ्यात वाढविता येते काय, असा प्रश्न शेतकरी पुष्कळदा विचारतात. त्याचे उत्तर नाही असे आहे. हा समुद्राच्या खाऱ्या पाण्यातील मासा असून गोड्या पाण्यात जगत नाही. समुद्राच्या पाण्यातही त्यास कोंडून वाढविणे सोपे नाही. कुवेतमध्ये या माशास ‘झुबैदी’ म्हणतात व तेथे त्यास आपल्याइतकाच मान आहे. तेथील वैज्ञानिक संशोधन संस्थेने नौकांवर पकडलेल्या प्रौढ माशांची अंडी फलित करून पिल्ले वाढविण्याचे प्रयोग गेल्या शतकाच्या अखेरीपासून केले. चीनमध्येही असे प्रयोग यशस्वी झाले. परंतु हा मासा फार नाजूक आहे. हाताळताच त्याचे खवले गळतात व तो दगावतो. त्यामुळे आपल्याकडे त्याचे व्यापारी संवर्धन होत नाही. कोणी ‘पापलेटाचे बीज’ म्हणून शेततळ्यासाठी पिल्ले विकू लागल्यास ते रूपचंदाचे किंवा दुसऱ्या एखाद्या माशाचे बीज आहे, हे निश्चित समजावे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कटला किंवा रोहू कमी झाल्यास बीज केंद्रातून आणून तळ्यात सोडता येतात. पापलेटाचे तसे नाही. त्याचे बीज केंद्र म्हणजे समुद्रच होय, आणि त्यातील बियाणे संपले तर ते कोठूनही विकत आणता येणार नाही.

आहार, राहणी व वीण

पापलेट थव्याने राहते. त्याचा आहार मोठ्या माशांचा नव्हे. पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव, इतर प्लवक आणि जेलीफिशसारखे मऊ, पाणीदार प्राणी यांवर त्याची उपजीविका चालते. जेलीफिशमध्ये पाणीच अधिक असल्याने ते पचवून त्यातून सत्त्व काढणे सोपे नाही. त्यासाठी पापलेटाच्या अन्ननलिकेच्या आरंभी जाड स्नायूंच्या पिशव्या असतात व त्यांच्या आतील बाजूस बारीक दातांसारखे उंचवटे असतात. गिळलेले अन्न या पिशव्यांत चिरडले जाऊन मग जठरात जाते. मासा साफ करताना डोक्यामागे या कठीण पिशव्या हाताला लागतात. ही पापलेटाच्या कुळाची खास खूण आहे.

मादी नरापेक्षा मोठी होते. ती आपली सर्व अंडी एकाच वेळी न सोडता विणीच्या हंगामात टप्प्याटप्प्याने सोडते. अंडी पाण्यात तरंगतात व प्रवाहाबरोबर वाहत जातात. पापलेट घरटे करीत नाही किंवा पिल्लांची राखण करीत नाही. असंख्य अंड्यांपैकी फार थोड्यांचे मासे होतात. बाकीची इतर जीवांच्या भक्ष्यस्थानी पडतात. जी पिल्ले या संकटांतून वाचतात ती किनाऱ्याजवळच्या उथळ, अन्नाने समृद्ध पाण्यात वाढतात. येथेच त्यांची गाठ मनुष्याच्या जाळ्याशी पडते.

पिल्ले का वाचवावीत

समजा, पापलेटाचे एक पिल्लू ५० ग्रॅम वजनाचे आहे. एक किलो वजन भरण्यास अशी २० पिल्ले लागतील. आता माशाच्या वाढीचा सामान्य नियम असा की, लांबी दुप्पट झाली म्हणजे वजन दुप्पट न होता सुमारे आठपट होते; कारण मासा लांबीबरोबर उंचीने व जाडीनेही वाढतो. तेव्हा हीच पिल्ले दुप्पट लांबीची होईपर्यंत समुद्रात राहिली, तर प्रत्येकाचे वजन सुमारे ४०० ग्रॅम होईल. वीसच्या वीस वाचली तर ८ किलो मासळी मिळेल. परंतु सर्व वाचणार नाहीत. निम्मी मेली असे धरले तरी १० मासे, म्हणजे ४ किलो मासळी हाती येईल. एक किलोच्या जागी चार किलो, आणि तेही खत, पाणी किंवा चारा यांचा एक पैसा खर्च न करता.

लाभ एवढ्यावरच थांबत नाही. पापलेटाची विक्री आकाराप्रमाणे प्रतवारी करून होते. मोठ्या माशास किलोमागे मिळणारा भाव लहान माशाच्या भावापेक्षा पुष्कळ अधिक असतो. म्हणजे वजन चौपट झाले तर उत्पन्न चौपटीहून अधिक होते. शिवाय मोठी झालेली मादी पकडली जाण्यापूर्वी एकदा जरी व्याली तरी पुढील हंगामाची पेरणी झाली असे समजावे.

हे शेतकऱ्यास निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. कणीस दुधात असताना कोणी पीक कापीत नाही. घरात कितीही टंचाई असली तरी बियाण्याची कणगी फोडू नये, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण आहे. पापलेटाची पिल्ले टोपलीत भरून विकणे म्हणजे दुधातले कणीसही कापणे व बियाण्याची कणगीही फोडणे होय.

मग मच्छीमार असे का करतो? याचे उत्तर सहानुभूतीने शोधले पाहिजे. समुद्राला कुंपण नाही. ‘मी सोडलेले पिल्लू उद्या शेजारच्या नौकेच्या जाळ्यात जाईल, मग मी का सोडावे?’ असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तेल व बर्फ यांचा खर्च डोक्यावर असताना हाती आलेली मासळी परत टाकणे जड जाते. म्हणून एकट्या दुकट्याने नव्हे, तर सर्व बंदराने मिळून ठरविल्यासच हे काम साध्य होईल. सहकारी संस्थांचे महत्त्व येथेच आहे.

जाळे व आस

कोणत्या जाळ्यात कोणता मासा येतो, हे मुख्यतः जाळ्याच्या आसावर अवलंबून असते. पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे गिलनेट हे पापलेटासाठी सर्वांत योग्य जाळे होय. त्याचा आस मोठा ठेवल्यास पिल्ले त्यातून निघून जातात व योग्य वाढीचा मासाच अडकतो. आस लहान केला की हा गुण नाहीसा होतो. म्हणून जाळे विकत घेताना किंवा विणताना आस कमी करण्याचा मोह टाळावा. आज चार टोपल्या अधिक भरतील, परंतु त्या पुढील हंगामातून उसन्या घेतलेल्या असतील.

डोल जाळे हे पिशवीच्या आकाराचे असून भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांच्या आधाराने स्थिर लावले जाते. बोंबील, जवळा, कोळंबी यांसाठी ते उपयुक्त आहे व अनेक कुटुंबे त्यावर पोट भरतात. परंतु जवळ्यासारखा बारीक जीव पकडावयाचा असल्याने त्याच्या शेवटच्या भागाचा आस फार बारीक असतो. त्यामुळे प्रवाहाबरोबर आलेली पापलेटाची पिल्लेही त्यात सापडतात. डोल मच्छीमारांस दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. ज्या दिवसांत व ज्या जागी पिल्लांचे थवे अधिक येतात त्याची माहिती त्यांनी एकमेकांस द्यावी, त्या दिवसांत ती जागा टाळावी व जाळे वेळेवर उपसून जिवंत पिल्ले पाण्यात सोडावीत, एवढे करता येण्याजोगे आहे. मात्र पिल्लू नाजूक असल्याने ते नौकेवर पडून राहिल्यानंतर सोडण्यात अर्थ नाही. सोडावयाचे तर तत्काळ सोडावे.

तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याच्या खोल्यास चौकोनी आस ठेवावा. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसताच मिटतो व पिल्लांची वाट बंद होते. चौकोनी आस ओढ असतानाही उघडा राहतो आणि लहान मासळी बाहेर पडू शकते. यासाठी ४० मिलिमीटर आसाचा चौकोनी खोला वापरण्याची शिफारस शास्त्रज्ञांनी केली आहे.

कायद्याचा आधार

राज्यात सागरी मासेमारीचे नियमन करण्यासाठी १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम असून २०२१ साली त्यात सुधारणा करून दंडाच्या तरतुदी कडक करण्यात आल्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा मासेमारी बंदीचा काळ २०१५ पासून ठरविण्यात आला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने खलाशांच्या जिवाचे रक्षण व अनेक जातींच्या माशांस विणीसाठी विसावा, असे दोन्ही हेतू त्याने साधतात.

केवळ बंदी काळ पाळून मात्र भागत नाही, कारण बंदी उठल्यावर जी पिल्ले समुद्रात असतात त्यांचे रक्षण व्हावयाचे राहते. म्हणून २०२३ साली राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. रुपेरी पापलेटाची ही मर्यादा १३५ मिलिमीटर आहे. लांबी कोठपासून कोठपर्यंत मोजावी हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयातून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावे, म्हणजे बंदरावर वाद होणार नाही. ही मर्यादा म्हणजे पूर्ण वाढ नव्हे. त्याहून लहान मासा मुळीच पकडू नये, हा तिचा अर्थ आहे. त्याहून मोठा झालेला मासा आणखी वाढू दिल्यास लाभच होईल.

पकडलेल्या मासळीची निगा

जेवढी मासळी पकडली तेवढीचा पुरता भाव मिळाला, तर अधिक पकडण्याची निकड कमी होते. पापलेटाचा भाव त्याच्या रुपेरी कांतीवर व टवटवीतपणावर असतो. म्हणून मासा जाळ्यातून ओढून न काढता आस सोडवून अलगद काढावा. स्वच्छ समुद्राच्या पाण्याने धुऊन लगेच बारीक फोडलेल्या बर्फात ठेवावा. मासळीच्या वजनाइतका बर्फ असावा. खाली बर्फाचा थर, त्यावर माशांचा एक थर, पुन्हा बर्फ, अशा रीतीने पेटी भरावी. ढीग करून त्यावर उभे राहणे, उन्हात उघडे ठेवणे किंवा फावड्याने ओढणे यामुळे खवले गळतात, मांस दबते व प्रत उतरते.

ताज्या पापलेटाचे डोळे चकचकीत असतात, कल्ले लाल असतात आणि बोटाने दाबल्यास पडलेला खळगा लगेच भरून येतो. कल्ल्यांची फट लहान असल्याने ती बोटाने किंचित उघडून आत पाहावे.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

किनाऱ्यावरील गावांत प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली सागरमित्र नेमण्यात आले. त्यांनी व इतर विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील कामे आपल्या क्षेत्रात हाती घेता येतील.

१. बंदरावर व मासळी बाजारात १३५ मिलिमीटरची खूण केलेली लाकडी पट्टी ठेवावी. अंक वाचता न येणाऱ्यासही ती उपयोगी पडते.

२. मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभेत वर दिलेला एक किलो व चार किलोंचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. व्याख्यानापेक्षा हिशेब अधिक पटतो.

३. पिल्ले विकत न घेण्याचा ठराव संस्थेने करावा, यासाठी प्रयत्न करावा. घेणारा नसेल तर पकडणारा आपोआप थांबतो.

४. मासळी विकणाऱ्या भगिनींशी स्वतंत्रपणे बोलावे. ग्राहकाशी प्रत्यक्ष संबंध त्यांचाच असतो व कोणता मासा किती लहान येऊ लागला आहे, हे त्यांना सर्वांआधी कळते.

५. पापलेटाची पिल्ले कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात व कोणत्या जाळ्यात अधिक सापडतात याची साधी नोंदवही ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून त्या बंदरापुरता उपाय ठरविणे सोपे जाते व शास्त्रज्ञांसही त्या उपयोगी पडतात.

६. आतील जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी रूपचंद व पापलेट यांतील फरक शेतकऱ्यांस समजावून द्यावा, म्हणजे बीज खरेदीत फसगत होणार नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेती व मासेमारी ही एकाच घराची दोन अंगे आहेत, हे त्यामुळे मान्य झाले. शेतकरी पेरतो व मग कापतो. मच्छीमारास पेरावे लागत नाही, ते काम समुद्र करतो. परंतु पीक पिकेपर्यंत थांबण्याचा नियम मात्र दोघांनाही सारखाच लागू आहे. येत्या हंगामात ज्या बंदराने हा नियम एकमताने पाळला, त्या बंदराच्या टोपल्यांत पुढील वर्षी मोठे पापलेट अधिक दिसेल अशी आशा बाळगण्यास जागा आहे. त्या कामाचा आरंभ एका लाकडी पट्टीने व एका सभेने करता येतो. त्यास कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.